सरोवराच्या तळावर उभे राहिलेले अरण्य



ज्या शेतकी-अध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांची शिकवण अशी होती की, जमिनीविषयी मत देण्यापूर्वी माणसाने खड्डा खणावा, त्यात उतरावे, आणि खड्ड्याच्या भिंतीकडे तोंड करून काही काळ निमूटपणे उभे राहावे. या शिकवणीला साजेल असा विषय शोधताना दख्खनच्या काळीकडे मन वळणे स्वाभाविक होते. परंतु काळीविषयी या व्यासपीठावरून अधिकारी विद्वानांनी पुष्कळ सांगून ठेविले आहे. म्हणून आज मी आपणांस कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागातील एका अशा मुलखात नेऊ इच्छितो, जेथे जमिनीची परीक्षा अपुरी झाली, सरकारी दप्तरात तिच्या नावावर उज्ज्वल भविष्य नोंदले गेले, आणि त्या नोंदीवर विश्वास ठेवून गेलेल्या सहस्रावधी कुटुंबांना तिची किंमत मोजावी लागली. माती कशाची बनली आहे हे कळले म्हणजे ती कशाला योग्य आहे हेही कळले, असे आपण फार सहज धरून चालतो. तिच्यातून उतरलेले पाणी, तिच्यावर वाढलेले झाड आणि तिच्यावर पडलेली थंडी यांचा हिशेब न मांडता जो जमिनीच्या योग्यतेवर मोहोर उठवितो, तो माणसांच्या आयुष्यांवर जुगार खेळतो, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी त्या एका प्रदेशाच्या आधारे मांडणार आहे.

इसवी सन १९०० च्या उन्हाळ्यात ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने आपल्या उत्तरेकडील विस्तीर्ण अरण्यात पाहणीसाठी दहा पथके रवाना केली. त्या प्रांताचा उत्तर भाग म्हणजे पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांचा प्रदेश. ग्रॅनाइटाची उघडी पाठ, तिच्या खळग्यांत साचलेली असंख्य तळी आणि खडकावर जेमतेम बोटभर माती, असेच त्याचे चित्र तोवर लोकांच्या मनात होते. पथकांतील मोजणीदार, लाकडाचा अंदाज घेणारे जाणकार आणि भूशास्त्रज्ञ होड्यांतून व पायी हिंडून परतले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून सरकारदरबारी मोठाच आनंद झाला. अहवालाचा मथितार्थ असा होता की, या अरण्याखाली सुमारे १ कोटी ६० लाख एकर सपाट, जवळजवळ दगडगोट्यांवाचूनची, खोल चिकणमाती पसरली असून ती शेतीस लायक आहे. ‘ग्रेट क्ले बेल्ट’, म्हणजे चिकणमातीचा महापट्टा, हे नाव या प्रदेशाला तेव्हापासून चिकटले. पथकांनी पाहिले ते खोटे नव्हते. चिकणमाती तेथे होती, ती खोल होती, आणि तिचा विस्तारही अफाट होता. ती तेथे आली कोठून, हा प्रश्न मात्र त्या क्षणी कोणाला निकडीचा वाटला नाही.

तिचे मूळ पाहू. गेल्या हिमयुगात उत्तर अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक भागावर बर्फाचा एक प्रचंड स्तर पसरला होता, आणि हवा उबदार होत गेली तसा तो उत्तरेकडे मागे सरू लागला. या मुलखाचा नैसर्गिक उतार उत्तरेकडे, जेम्स व हडसन उपसागरांकडे आहे. परंतु त्या दिशेस बर्फाचा कडा अजून उभा होता, आणि दक्षिणेस जलविभाजकाची उंच भूमी होती. वितळणाऱ्या बर्फाचे पाणी या दोहोंच्या बेचक्यात कोंडले गेले आणि तेथे एक सरोवर निर्माण झाले, ज्याचे पाणी पुरेसे चढले म्हणजे दक्षिणेस ओटावा नदीच्या खोऱ्यातून वाट काढी. कॅनडातील भूशास्त्रज्ञ ए. पी. कोलमन यांनी १९०९ साली या नष्ट सरोवराला त्या भूमीवरील ओजिब्वे लोकांचे नाव देऊन ‘ओजिब्वे सरोवर’ म्हटले. बर्फ जसजसा मागे हटला तसतसे सरोवर त्याच्या पाठोपाठ उत्तरेकडे पसरले, आणि अखेरच्या काळात ते पश्चिमेकडील त्याहूनही विशाल अशा अगासीझ सरोवराला जाऊन मिळाले. सुमारे ८२०० वर्षांपूर्वी बर्फाचा बांध फुटला आणि ते सारे गोडे पाणी हडसन उपसागरात व तेथून अटलांटिक महासागरात गेले. ग्रीनलंडच्या बर्फात त्याच सुमाराच्या थंडीच्या एका तीव्र लाटेची नोंद सापडते, आणि बहुतेक अभ्यासक तिचा संबंध या पाण्याने सागरी प्रवाहांत घडविलेल्या उलथापालथीशी जोडतात. मागे उरला तो सरोवराचा तळ, उघडा, ओला आणि क्षितिजापर्यंत सपाट.

त्या तळावर काय साचले होते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण पुढील सर्व कथेचे बीज तेथे आहे. हिमनदी खडकावरून सरकते तेव्हा ती खडक दळते, आणि त्या दळणातून निघालेले पीठ वितळत्या पाण्याबरोबर सरोवरात येते. आपल्याकडे गणपतीची मूर्ती घडविणारा कारागीर शाडू पाण्यात कालवून ठेवतो तेव्हा जे घडते, तेच येथे एका महासरोवराच्या प्रमाणावर दरवर्षी घडत होते: जाड कण लगेच तळाशी बसतात, आणि बारीक कण पाणी अगदी निश्चल झाल्यावाचून बसत नाहीत. चिकणमातीचा म्हणून जो कण आपण मानतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या दोन-सहस्रांशाहून कमी असतो. असा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली उतरावयास तीन दिवसांहून अधिक घेतो, पाणी गोठणबिंदूच्या जवळ असेल तर त्याहूनही अधिक, आणि कण आणखी बारीक असेल तर कित्येक महिने. उन्हाळ्यात वाऱ्याने हललेल्या पाण्यात पोयट्याचा फिकट थर पडे. हिवाळ्यात सरोवराच्या पृष्ठावर बर्फाचे झाकण बसले, वारा पाण्यापर्यंत पोचेनासा झाला आणि वितळणे थांबले म्हणजे मागे राहिलेले अतिसूक्ष्म कण निवांतपणे खाली येऊन त्या फिकट थरावर गडद रंगाचा दुसरा थर चढवीत. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष.

या जोडथरांचे मर्म प्रथम ओळखले ते स्वीडनच्या गेरार्ड दे गीर यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या देशातील चिकणमातीच्या कड्यांवर हे थर मोजण्यास आरंभ केला, आणि १९१० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेपुढे बर्फ मागे हटल्याचा वर्षावर्षाचा हिशेब ठेवला. १९२० साली ते उत्तर अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले त्यांचे शिष्य अर्न्स्ट अँटेव्हस मागे राहिले, आणि नद्यांच्या दरडी व रेल्वेची खोदकामे पालथी घालून त्यांनी ओजिब्वे सरोवराच्या व त्याच्या आधीच्या अवस्थेच्या तळावरील सुमारे २००० वर्षांची गणती उभी केली. कॅनडाच्या भूसर्वेक्षण खात्याने त्यांचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध केला. एका कड्यावरील जाड-पातळ थरांचा क्रम दूरच्या दुसऱ्या कड्यावरील क्रमाशी जुळवून पाहणे, जुळला की पुढील कडा शोधणे, न जुळला की पुन्हा मागे फिरणे, असे ते काम. माती वाचण्याच्या इतिहासात चिकाटीचा याहून थोर दाखला मला ठाऊक नाही.

आता या चिकणमातीचा गुण. आपल्या काळीतील चिकण बहुतांशी मॉन्टमोरिलोनाइट वर्गातील आहे. बेसॉल्ट खडक उष्ण हवेत सडून ती जागच्या जागी किंवा उतारावरून थोडी वाहत येऊन तयार झाली, आणि पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. सरोवराच्या तळावरील चिकण सडून झालेली नाही, दळून झालेली आहे. तिच्यात इलाइट व क्लोराइट ही खनिजे आणि त्यांच्याबरोबर स्फटिक व फेल्स्पार यांचे पीठ असते. शिवाय हिमस्तर हडसन उपसागराकडील चुनखडकाच्या सखल प्रदेशावरून दक्षिणेकडे आला, त्यामुळे त्याने आणलेल्या गाळात चुना मुबलक मिसळला. भेगांमुळे आपली काळी स्वतःला वरखाली घुसळून घेते. वरची माती भेगेतून खाली पडते, खालची फुगून वर येते, आणि म्हणून तिच्या उभ्या छेदात थरांचे भेद फारसे ठळक होत नाहीत. उत्तरेकडील त्या मातीत ही घुसळण नाही. तिच्यात जे एकदा खाली गेले ते खालीच राहते. ही एक गोष्ट ध्यानी धरली म्हणजे तिचे पुढील सारे वर्तन उलगडते.

सरोवर ओसरल्यावर त्या तळावर झाडे आली. जेथे जमिनीला किंचित उतार होता, नदीकाठ जवळ होता, पाण्याला वाट होती, तेथे ॲस्पेन, पांढरा बर्च, बाल्सम फर आणि पांढरा स्प्रूस यांचे मिश्र वन वाढले. दरवर्षी पानांचा सडा पडे, तो थंडीमुळे सावकाश कुजे, आणि त्यातून निघालेली सौम्य आम्ले पावसाच्या व वितळत्या बर्फाच्या पाण्याबरोबर खाली झिरपत. या पाण्याने प्रथम वरच्या भागातील चुना विरघळवून खाली नेला. चुना असेपर्यंत चिकणाचे कण एकमेकांना धरून गुठळ्यांच्या रूपात असतात. तो गेला म्हणजे ते सुटे होतात, पाण्यात तरंगू लागतात, आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतात. जेथे चुना अद्याप शिल्लक आहे किंवा पाण्याचा वेग मंदावतो, तेथे ते मातीच्या ढेकळांच्या अंगांवर आणि मुळांच्या जुन्या पोकळ्यांत पातळ, चकचकीत पापुद्र्यासारखे बसतात. काही सहस्र वर्षांत अशा रीतीने एका सलग मातीचे दोन भाग पडले: वर फिकट करडा, चिकण गमावलेला, पोयट्याचा, पापुद्रे सुटणारा थर, खाली तपकिरी, घट्ट, कोनदार ढेकळांचा, चिकणाने गच्च भरलेला थर, आणि त्याहून खाली पुन्हा चुना धरून असलेला सरोवराचा मूळ जोडथरांचा गाळ. कॅनडातील मृदाशास्त्रज्ञ या मातीला पूर्वी ‘ग्रे वुडेड’ म्हणजे करडी वनमृदा म्हणत. आता ‘ग्रे लुव्हिसॉल’ म्हणतात.

अशा एका अभ्यासखड्ड्यात उतरण्याची संधी मला मिळाली, तेव्हा मी त्या खालच्या थरातील एक ढेकूळ फोडून उन्हात धरले. त्याच्या अंगावरची चिकणाची चकाकी वरच्या थरातून कण कण करून उतरलेली होती, आणि ती तेथे आणणारी शक्ती खड्ड्याच्या काठावर उभी होती. अरण्य त्या मातीवर नुसते उगवले नव्हते, त्याने ती माती घडविली होती. रशियाच्या वासिली दोकुचायेव यांनी १८८३ च्या आपल्या चेर्नोझेमविषयक ग्रंथात माती ही खडक, हवामान, जीवसृष्टी, भूरचना आणि काळ यांच्या संयोगाने झालेली स्वतंत्र वस्तू आहे हा विचार मांडला, आणि १९४१ साली हान्स येनी यांनी त्याला सूत्राचे रूप दिले. हा विचार आज प्रत्येक शेतकी महाविद्यालयात शिकविला जातो. परंतु १९०० साली ऑन्टॅरिओच्या अरण्यात गेलेल्या पथकांच्या हाती तो नव्हता, आणि त्यांनी पाच घटकांपैकी एकच पाहिला.

हे झाले निचऱ्याच्या जागेचे. त्या मुलखाचा फार मोठा भाग मात्र इतका सपाट आहे की पाण्याला कोठे जावे हेच कळत नाही. तेथे काळा स्प्रूस वाढतो, आणि त्याच्या सावलीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ. हे शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते, जमिनीला उन्हापासून झाकते, आणि थंड, ओल्या, प्राणवायूरहित स्थितीत ते स्वतः कुजत नाही. त्यामुळे त्याचे थरावर थर चढून पीट तयार होते. पीट वाढले की भूजलाची पातळी त्याच्याबरोबर वर येते, झाडांची मुळे खालच्या मातीपासून तुटतात, जमीन आणखी थंड होते, आणि झाडे खुरटत जातात. उतारावरील वनाखाली चिकण वरून खाली उतरते, तर सपाटीवरील वनाखाली तीच चिकण पाण्याखाली निळसर-करडी होऊन पीटाखाली गाडली जाते. एकाच सरोवराच्या, एकाच चिकणाच्या, थोड्याच अंतरावरच्या या दोन जमिनी. त्यांच्यातील भेद केवळ दोन-चार फुटांच्या चढउताराचा.

या चक्राला मोडणारी एकच नैसर्गिक शक्ती तेथे आहे, ती म्हणजे अग्नी. कोरड्या उन्हाळ्यात लागलेला तीव्र वणवा झाडांबरोबर शेवाळ व पीटही जाळून टाकतो, खनिज माती उघडी पडते, जमीन तापते, आणि ॲस्पेन व स्प्रूस यांची नवी, जोमदार पिढी उभी राहते. वणवा हलका असला तर झाडे मरतात पण शेवाळाचा थर राहतो, आणि पुढील पिढी आधीच्यापेक्षा दुबळी निघते. क्वेबेकमधील आबितिबी भागात द्युपार्के सरोवराच्या परिसरात विद्यापीठीय संशोधकांनी गेली कित्येक दशके हे घडताना मोजले आहे, आणि ॲस्पेनची पाने जेथे पडतात तेथे शेवाळाची वाढ रोखली जाते, हेही त्यांनी दाखविले आहे. जो आगीला केवळ शत्रू मानतो, त्याला या अरण्याची माती कळलेली नाही.

या भूमीवर माणसे नव्हती असे मानणे हा त्या काळच्या सरकारी लिखाणाचा दुसरा दोष होय. क्री, ओजिब्वे आणि अल्गोन्क्विन लोक तेथील नद्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. शिकार, मासेमारी आणि फासे लावून मिळविलेली कातडी यांवर त्यांचा निर्वाह चाले, आणि कोणत्या ओढ्याकाठी कोणते झाड वाढते, कोठे जमीन पाऊल धरते व कोठे गिळते, हे त्यांना कोणत्याही मोजणीदाराहून अधिक ठाऊक होते. रेल्वे आणि वसाहत यांचा मार्ग मोकळा करण्यासाठी १९०५ व १९०६ मध्ये कमिशनरांनी त्यांच्या ठाण्याठाण्यांवर जाऊन ‘नववा करार’ म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज सह्यांसाठी पुढे केला. कागदोपत्री भूमी सरकारजमा झाली. तिच्याविषयीचे ज्ञान मात्र कोणी मागितले नाही.

याच सुमारास इतर घटनाही वेगाने घडत होत्या. नॉर्थ बे येथून १९०२ मध्ये निघालेला सरकारी लोहमार्ग १९०८ मध्ये कोक्रेनला पोचला. वाटेत १९०३ मध्ये कोबाल्ट येथे चांदी सापडली, १९०९ मध्ये पॉर्क्युपाइन येथे सोने. सरकारने १६० एकरांचे खाते, एकरी ५० सेंट या नाममात्र दराने, राहण्याच्या आणि वन तोडून लागवड करण्याच्या अटीवर देऊ केले. जाहीरनाम्यांत चिकणमातीचे गुणगान असे. ते वाचून दक्षिणेकडील गर्दीच्या जिल्ह्यांतून, युरोपातून आणि क्वेबेकच्या खेड्यांतून माणसे आली. जमीन मोकळी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आग हाच होता, आणि प्रत्येक जण आपल्या खात्यात तोडलेली लाकडे पेटवून देई. १९११ च्या जुलैत पॉर्क्युपाइन परिसर जळाला. २९ जुलै १९१६ रोजी अशाच विखुरलेल्या आगी वाऱ्याने एक झाल्या आणि मॅथेसन व आसपासच्या वसाहतींवर चालून गेल्या. सरकारी नोंदीत २२३ मृत्यू आहेत, आणि खरा आकडा त्याहून मोठा असावा असे मानले जाते. त्यानंतर १९१७ मध्ये वणवा-प्रतिबंधक कायदा झाला. तरी १९२२ च्या ऑक्टोबरात हेलीबरी शहर भस्मसात झालेच. जी आग अरण्याच्या हिशेबात शंभर-दीडशे वर्षांनी एकदा येऊन मातीला नवे करीत असे, ती माणसाच्या घाईने घरादारांवर आली.

आगीतून वाचलेल्यांपुढे माती उभी होती. वन तोडून, जाळून, पानांचा व शेवाळाचा थर नाहीसा झाल्यावर नांगराच्या फाळाला लागला तो वरचा करडा थर, ज्यातून हजारो वर्षे चिकण, चुना आणि अन्नद्रव्ये खाली उतरली होती. सेंद्रिय अंश तुटपुंजा, रचना दुबळी. पाऊस पडला की तो थापला जाऊन त्यावर कवच बसे आणि कोंब फुटून वर येईना. त्याखालचा चिकणाचा घट्ट थर पाणी खाली जाऊ देईना. लांब हिवाळ्यानंतर वितळलेले बर्फ शेतात साचून राही, आणि वाफसा येण्याची वाट पाहण्यातच मे महिना संपून जाई. तेथील पेरणीचा हंगाम मुळातच आखूड. त्यात सपाट, ओल्या जमिनीवर थंड हवा साचत असल्याने उन्हाळ्याच्या कोणत्याही महिन्यात एखाद्या रात्री दव गोठून उभे पीक करपण्याची भीती. मातीची परीक्षा करणाऱ्यांनी ती ओंजळीत घेऊन पाहिली होती. शेतकऱ्याला मात्र ती पाण्यासकट, थंडीसकट आणि तिच्या थरांसकट मिळाली.

कापुस्कासिंग येथील सैनिक-वसाहत हे या साऱ्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. पहिल्या महायुद्धात तेथे शत्रुराष्ट्रीय म्हणून डांबलेल्या लोकांकडून, ज्यांत युक्रेनी स्थलांतरित पुष्कळ होते, वन तोडून घेण्यात आले, आणि १९१७ च्या कायद्यान्वये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना त्या जमिनी देण्यात आल्या. तीन वर्षांत तक्रारी इतक्या वाढल्या की १९२० मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, आणि बहुसंख्य कुटुंबे वसाहत सोडून गेली. ज्या माणसांनी खंदकातील चिखलात वर्षे काढली, त्यांच्या हाती दुसरा चिखल देऊन राष्ट्राने कृतज्ञता व्यक्त केली, हे मला आजही असह्य वाटते. तेथे पुढे जे टिकले ते शेत नव्हते. कागदाची गिरणी टिकली, आणि काळ्या स्प्रूसच्या लगद्यापासून ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला कागद पुरवू लागली. तरीही हा धडा शेजारच्या क्वेबेकपर्यंत पोचला नाही. १९३० नंतरच्या मंदीत तेथील वसाहतमंत्री इरेने व्होत्रँ यांच्या योजनेनुसार शहरांतील बेकार कुटुंबे धर्मोपदेशकांच्या आशीर्वादासह आबितिबीच्या त्याच चिकणावर पाठविण्यात आली. त्यांपैकी बऱ्याच शेतांवर पुढे आल्डर व विलो यांच्या झुडपांनी पुन्हा ताबा घेतला.

मात्र ती माती वांझ आहे, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आल्बर्टा विद्यापीठाने ब्रेटन येथे १९२९-३० च्या सुमारास करड्या वनमृदेवर कायमची प्रयोगक्षेत्रे घातली, आणि शेणखत, द्विदल चाऱ्याची फेरपालट व गंधकासह योग्य खते दिल्यास ती जमीन दशकानुदशके चांगले पीक देते, हे तेथे सिद्ध झाले. ऑन्टॅरिओतच न्यू लिस्कर्डच्या परिसरात, जेथे हवामान किंचित सौम्य व उतार अनुकूल आहे, शेती तेव्हापासून आजवर टिकून आहे, आणि अलीकडे जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या घालून तेथे कनोला व सोयाबीनही घेतात. मातीला तिच्या अटींवर वागविले तर ती देते. त्या अटी समजून घेण्यास लागणारा काळ आणि खर्च मात्र वसाहतीच्या योजनांत कोणी धरला नव्हता.

निचऱ्याविषयी एक इशारा येथेच देतो. ओहायो राज्याच्या वायव्येस अशाच एका हिमसरोवराचा तळ आहे. त्यावर एल्म व ॲशच्या घनदाट वनाची एक दलदल होती, जिला ‘ग्रेट ब्लॅक स्वाम्प’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून ती जवळजवळ संपूर्ण कोरडी करण्यात आली. हवामान उबदार असल्याने तेथे शेतीला अपूर्व यश आले, आणि मी ते यश कमी लेखीत नाही. पण पाण्याची वाट लहान झाली तसा शेतातील स्फुरदही त्याच वाटेने ईरी सरोवरात जाऊ लागला, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये विषारी शैवालामुळे टोलेडो शहरातील चार लाखांहून अधिक लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिणे वर्ज्य झाले. आपल्याकडे नीरा कालव्याखाली निचऱ्याचा विचार मागाहून केल्यामुळे चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, हे या सभागृहातील ज्येष्ठांना वेगळे सांगावयास नको. तेथे पाणी काढण्याची घाई झाली, येथे पाणी आणण्याची; मातीचा छेद दोन्हीकडे कोणी पुरता पाहिला नाही.

हा विषय आज मी जुना इतिहास म्हणून मांडलेला नाही. हवामान उबदार होत आहे, उत्तरेकडील पेरणीचा हंगाम लांबत आहे, आणि गेल्या दशकात ऑन्टॅरिओमध्ये प्रांतिक सरकार व पशुपालकांच्या संघटना यांच्याकडून महापट्ट्यातील वनाखालील जमिनी पुन्हा एकदा शेती व कुरणांसाठी खुल्या करण्याच्या तजविजी पुढे आल्या आहेत. दुसरीकडे, तोडणी करताना जमिनीला धक्का लागू नये म्हणून हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून यंत्रे नेऊन झाडे तोडण्याची जी रीत आली, तिने शेवाळाचा थर शाबूत राहतो, आणि वणव्याचे काम न झाल्याने सपाटीवरील पुढचे वन खुरटे निघते, असे संशोधकांना दिसून आले आहे. सद्हेतूने आखलेला नियमसुद्धा मातीचे काम न जाणता आखला तर असा उलटतो.

माझे मत मी स्पष्टपणे सांगतो. न्यू लिस्कर्डसारख्या ज्या ठिकाणी शेती शतकभर टिकून सिद्ध झाली आहे, तेथे निचरा सुधारून, चाऱ्याची फेरपालट आणि खत देऊन ती वाढवावी. तिला विरोध करण्यास मला कारण दिसत नाही. परंतु कोक्रेनपासून हर्स्टपर्यंतच्या सपाटीवर जी चिकण आजही स्प्रूसखाली व पीटाखाली आहे, ती तशीच राहू द्यावी. ते पीट कोरडे केले तर त्यात सहस्र वर्षे साठलेला कर्ब वायुरूपाने हवेत जाईल, आणि त्याखाली मिळणारी जमीन थंड, निळसर व निर्वात असेल. ॲस्पेनच्या उतारांवर कोणास शेत करावयाचे असेल, तर त्याला सनद देण्यापूर्वी सरकारने प्रत्येक खात्यावर खड्डा खणून छेदाची नोंद करावी, ती अर्जदाराच्या हाती द्यावी, आणि क्री व ओजिब्वे लोकांच्या पंचायतींचा कौल घेतल्यावाचून एकही झाड तोडू नये. आपल्या राज्यातील ज्या तरुण मृदाशास्त्रज्ञांना परदेशी शिकण्याची संधी मिळते, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या प्रदेशात जाऊन काम करावे. तेथील करड्या थरात कुदळ घालून आलेला माणूस आपल्या कालव्यांखालच्या चोपण जमिनींविषयी सरकारला सल्ला देण्यास अधिक लायक असेल.